समोरचा दात

दुकानात माल द्यायला आलेल्या बटणवाल्याने काहीतरी सांगितलं आणि टेलर मास्तरांची बायको खदखदून हसली, तीही तोंडावर हात न घेता. मास्तरांनी कापडावरून मान वर केली, तेवढ्यात कात्री खडूच्या रेघेबाहेर गेली आणि कुणाच्या तरी पँटचा पाय बोटभर अरुंद झाला.

"काय झालं एवढं हसायला?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, ह्यांचं गिऱ्हाईक म्हणे, तुमची बटणं आखडली, शर्ट लागत नाही. तर हे म्हणाले, बटणं नाही आखडली साहेब, पोट सुटलंय." सांगता सांगता तिला पुन्हा हसू फुटलं.

मास्तरांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दिसला तो तिचा समोरचा दात. पांढरा, गुळगुळीत, शेजारच्या दातांत मिसळून गेलेला.

आता आतापर्यंत तो दात तपकिरी होता आणि त्याचा कोपरा उडालेला होता. लहानपणी ती पायरीवर आपटली होती. तेव्हापासून चारचौघांत हसू आलं की हात तोंडावर जायचा, फोटोत ओठ मिटलेले. घरात मात्र दार लावलं की ती मास्तरांसमोर मोकळी व्हायची. मास्तर गिऱ्हाइकांच्या नकला करायचे आणि ती भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. हे हसू पाहिलेला पुरुष जगात एकच आणि तो म्हणजे आपण, याची मास्तरांना कोण मिजास! रूप यथातथा, धंदा बेताचा. पण एवढी एक इस्टेट त्यांच्या एकट्याच्या नावावर होती.

मग लेकीने घाट घातला. परगावी नोकरी करणारी लेक सुट्टीला आली आणि आईला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बॉन्डिंग म्हणतात त्याला. कापडाला अस्तर जुळवावं तसे बाईंनी दातांच्या रंगाचे नमुने लावून पाहिले, दातावर लेप चढवला, निळ्या उजेडाने तो कडक केला आणि घासून चकचकीत केला. निघताना बजावलं, "या दाताने कडक काही चावायचं नाही. आणि दोरा तर मुळीच तोडायचा नाही. शिवणकामवाल्यांची ती खोड मला चांगली माहीत आहे."

खोड खरीच होती. म्हणून मास्तरांच्या बायकोने हातशिलाईच्या डब्यात एक छोटी कात्री ठेवली. तरी टाका संपला की दोरा सवयीने तोंडाकडे जायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा.

आणि मग काय, हसतील त्याचे दात दिसतील! ती दूधवाल्याशी हसायची, गिऱ्हाइकांशी हसायची. शेजारीण म्हणाली, "मास्तर, वहिनी किती लहान दिसायला लागल्या हो!" मास्तर "हो ना" म्हणाले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बटणवाला हल्ली फार वेळ बसतो," एकदा जेवताना त्यांनी काढलंच.

"पहिल्यापासून येतोय तो."

"येत होता. बसत नव्हता."

"पहिलं मी बोलत नव्हते," ती म्हणाली आणि त्यांना वाढू लागली. त्या दिवशीही त्यांनी नक्कल केली, तीही हसली. पण हेच हसू सकाळी बटणवाल्याला ताजं मिळालं, आपल्या वाट्याला शिळं आलं, हे काही डोक्यातून जाईना.

शाळेच्या गणवेशांची घाई होती. बटणवाला यायचा दिवस. बायको दुकानात यायच्या आधी मास्तरांनी डब्यातली छोटी कात्री उचलून खिशात टाकली. आपण काही करत नाही आहोत, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"अहो, माझी कात्री पाहिलीत का?"

"असेल तिथंच. आधी हात चालव, शाळेचा माणूस गणवेश घ्यायला येतोय."

"मग तुमची द्या जरा."

"मी कापतोय ना."

तिने पहिला दोरा बोटाला गुंडाळून तोडला, बोट कापलं. दुसराही तसाच तोडला. तिसऱ्या वेळी नजर कापडावर होती आणि सवयीने तिचा हात वर गेला. बारीकसा आवाज झाला. तिने जिभेवरून काहीतरी तळहातावर घेतलं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता.

ती रडली नाही. बटणवाला आला, त्याने काहीतरी चेष्टा केली. तिने तोंडावर हात धरून नुसती मान हलवली. तो थोडा घुटमळला आणि निघून गेला. मास्तरांना, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

पडलेला खडू उचलायला ते वाकले आणि खिशातली कात्री खणकन फरशीवर पडली.

"अगं, ही... इथंच होती बघ," मास्तर म्हणाले.

तिने कात्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कात्री उचलून डब्यात ठेवली. "उद्या बाईंकडे जाऊन येते."

"मी येतो बरोबर."

"या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दात पाहिला. "दोरा तोडलात ना?"

मास्तरांचे कान तापले.

"हो. सवय हो, जाता जात नाही," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा लेप चढवला, घासून पुसून आरसा हातात दिला. "आता कात्री गळ्यातच बांधा. नाहीतर मीच शिवणकाम शिकते आणि तुम्ही दात बसवा." ती आरशात बघत खदखदून हसली. बाई हसल्या, मदतनीस मुलगीही हसली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मास्तरांना राहवेना. माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द निघेनात. निघाली ती डॉक्टरीणबाईंची नक्कल. हुबेहूब. मान तिरकी, चष्मा नाकावर, तोच आवाज. इतकी बेमालूम नक्कल त्यांना कधीच साधली नव्हती. पलीकडून जाणारा एक माणूस थांबून हसला.

हसू तिलाही आलंच. पण तिने तोंडावर हात घेतला, मान पलीकडे वळवली आणि हसू ओसरेपर्यंत तशीच चालत राहिली.