पाच ते सात किलो

बारा वाजता मीटिंग होती आणि पावणेअकरा वाजता त्रिवेणी घाबरली. मीटिंगची धास्ती म्हणावी तर तसंही नव्हतं, उलट महिनाभर ती या मीटिंगची वाट बघत होती. तिनं पडद्यावर एका औषधाच्या माहितीपत्रकाची दोन पानं शेजारी शेजारी लावली होती, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. हेतू काय, तर आपलं नवं पान कसं देखणं दिसतं ते सगळ्यांना दाखवायचं. मिरवायची हौस, दुसरं काय! मिरवता मिरवता तिची नजर तक्त्याच्या तळाशी गेली. डावीकडे शेवटच्या ओळीत होतं, 'वीस ते तीस किलो: दहा मिली.' उजवीकडे त्याच ओळीत आकडाच नव्हता. तिथे 'डॉक्टरांना विचारा' असं छापलेलं होतं.

ती एकेक ओळ वर सरकत गेली. चौदा ते वीस किलो, जुन्यात आठ, नव्यात दहा. दहा ते चौदा, सहाच्या जागी आठ. अगदी वर, पाच ते सात किलोच्या बाळांसाठी, जुन्यात दोन मिली आणि नव्यात चार. अख्खा तक्ता एक घर वर सरकला होता. लहान मुलांच्या तापाचं औषध ते! सगळ्यात लहान लेकराला दुप्पट!

त्रिवेणीनं दोन्ही तक्ते पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले.

आता हे झालं कसं ते सांगायला हवं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला तो पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, चार-चार भाषांमधला, तो जुळवणारं सॉफ्टवेअर करणारी हैदराबादच्या नारायणगुड्यातली ही छोटी कंपनी. सात माणसं, दोन खोल्या. आणि अशा सॉफ्टवेअरच्या पोटात एक छोटी भाषा बसवलेली असते, हुकूम सोडायला: या यादीतला पहिला आकडा घे, त्या चौकटीत टाक. यांच्याकडे पंधरा वर्षं लुआ नावाची भाषा होती. सुटसुटीत, पण नव्या पोरांना ती येत नाही आणि शिकायची कुणाला इच्छा नाही. म्हणून त्रिवेणीनं हट्ट धरला, जावास्क्रिप्ट आणा, ती गल्लोगल्ली येते.

विरोध केला तो एकट्या दत्तात्रयकाकांनी. काचीगुड्याचे, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, जुने सगळे टेम्प्लेट, म्हणजे पानांचे साचे, त्यांच्या हातचे. ते म्हणाले, "लुआ एकपासून मोजते, ही तुझी शून्यापासून. आपल्याकडे हजारो ठिकाणी 'एक' लिहिलाय. आणि यादीत नसलेलं मागितलं तर ही बया थांबत नाही, गपचूप रिकामा हात दाखवते. मला भीती वाटते, त्रिवेणी."

"काका, तुम्हाला लिफ्टची पण भीती वाटते," ती म्हणाली होती, आणि सगळे खो-खो हसले होते.

काकांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. 'एक' मागितल्यावर नव्या भाषेनं दुसरा आकडा उचलून दिला, कारण तिच्या लेखी पहिला म्हणजे शून्य. शेवटी यादी संपली तेव्हा तिनं ओरडायचं सोडून रिकामी जागा दिली, आणि रिकामी जागा दिसली की 'डॉक्टरांना विचारा' छापायचं, अशी टेम्प्लेटला सोयच होती. इतकं साळसूद दिसत होतं ते पान, की कुणाला शंका यावी कशी?

मग तपासणी झाली नव्हती का? झाली होती ना! मशीननं शंभर पानं जुळवून एकही फरक नाही असं सांगितलं होतं. पण त्याआधी नव्या पानांच्या ओळी जुन्यांपेक्षा वेगळ्या तुटत होत्या, मशीन प्रत्येक पानावर बोंब मारत होतं, आणि त्रिवेणी वैतागली होती. वैतागून तिनं नवीच पानं 'बरोबर' म्हणून जमा केली आणि नव्यांशी नवी ताडून घेतली. शहाणी बाई! आपलंच उत्तर, आपणच परीक्षक.

तरीही यातलं काही बाहेर जायला नको होतं. काका आणि त्रिवेणी, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय नव्या भाषेतलं एकही पान छपाईला द्यायचं नाही, असा नियम होता. पण अकरा दिवसांपूर्वी औषध कंपनीला घाई होती, काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, आणि नवी भाषा किती झपाट्यानं काम करते ते त्रिवेणीला दाखवायचं होतं. तिनं हे एक पान पाठवून दिलं. एकच. ते फक्त तिला माहीत होतं.

तिनं टेम्प्लेटमधला 'एक' खोडून शून्य केला. आकडे जागच्या जागी बसले. लागलं किती, तर अर्धं मिनिट! सुधारलेलं पान 'किरकोळ बदल' म्हणून पाठवलं तर कुणाला कळणार होतं? तिनं मेल लिहायला घेतलासुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढे ते छापून झालेले कागद आले, खोक्यांत घातलेले, दुकानांत पोचलेले, आणि कुणाच्या तरी घरी औषधाचं माप उजेडात धरून चारच्या रेघेपर्यंत ओतणारा कुणाचा तरी हात. तिनं औषध कंपनीत प्रियदर्शिनी मॅडमना फोन लावला. त्या दर्जा तपासणीच्या प्रमुख. फोन उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. बाराला पाच कमी होते, आणि खरं सांगायचं तर तिला मनातून बरंच वाटलं. इतकी ती घाबरली होती.

मीटिंगमध्ये मालक हर्षवर्धन सरांनी फार लांबण लावली नाही. "आज ठरवून टाकू या. जुनी ठेवायची की नवी घ्यायची? त्रिवेणीच्या बाजूनं कोण कोण?"

चार हात वर गेले. मग दत्तात्रयकाका खुर्चीत सावरून बसले. डोळ्यावर अजून काळा चष्मा होता.

"मी खूप परेशान केलं या पोरीला," ते म्हणाले. "पण शंभर पानं जुळली, एक फरक नाही. माझीच भीती खाली-पिली होती. हौ, माझा पण हात वर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्रिवेणीला वाटलं, जमिनीनं गिळावं. आता उठून 'थँक्यू' म्हटलं की संपलं, पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"काका, हात खाली घ्या."

तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून. तपासणीची लबाडी सांगितली, सहीशिवाय पाठवलेलं पान सांगितलं, दोनचे चार झालेले सांगितले. हर्षवर्धन सरांचा चेहरा पांढरा पडला. काका रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "किती दिवस झाले?"

"अकरा."

"फोन लाव. आत्ता. सगळ्यांसमोर."

या वेळी प्रियदर्शिनी मॅडमनी फोन उचलला. त्या हिंदीतून बोलत होत्या, आधी चढ्या आवाजात, मग एकदम शांत. त्यांनी सांगितलं, माल परत मागवायचा निरोप आत्ता जाईल, पण बराचसा दुकानांत गेलाय. मग पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"परसों हेल्पलाइन पे एक फोन आया था," त्या म्हणाल्या. "बिलोली की तरफ की कोई औरत. बच्चा छे महिने का, छे किलो. वो बार बार कुछ पूछ रही थी, हमारे लड़के को मराठी नहीं आती. उसने बोल दिया, कागज़ पे जो लिखा है वही दो." मग त्या म्हणाल्या, "आपको मराठी आती है ना? आप ही बात करो. तब तक मैं डॉक्टर को ढूँढती हूँ."

सहा किलो. म्हणजे वरचीच ओळ. दोनऐवजी चार, दिवसातून चार वेळा, परवापासून. त्रिवेणीला हिशेब करायचा नव्हता तरी तो डोक्यात होतच राहिला. नंबर काकांनीच लिहून घेतला.

रिंग वाजत राहिली. मग पलीकडून बाईचा आवाज आला आणि त्याच्यामागे बाळाचं रडणं. त्रिवेणीनं डोळे मिटून घेतले. रडतंय! रडतंय म्हणजे आहे!

"हालो, कोण बोलायलंय?"

"ताई, मी हैदराबादहून बोलते. औषधाबद्दल. तुम्ही बाळाला किती दिलंत?"

"एकदाच दिलं बघा, चार. मग मलाच भेव वाटलं. थोरलीच्या टायमाला इतकं नव्हतं. म्हणून फोन केलता, तर तिकडचं पोरगं काय बोललं कळलंच नाही. तवापासून हातच धजंना. काहीच दिलं न्हाई."

त्यानंतर काहीच दिलं नाही! फोनवरची बाई बोलतच होती.

"पण आंग लई तापायलंय हो. दोन रोज झाले, डोळं उघडंना गेलंय. दवाखान्याला न्यावं तर बिलोलीला जायला गाडी संध्याकाळी."

"ताई, ऐका. तो कागद चुकलाय. त्यावरचे आकडे बघू नका. दुसरी कुठलीही गाडी मिळाली तर आत्ता दवाखान्यात न्या. कंपनीचे डॉक्टर तुम्हाला फोन करतील."

"कागद कसा चुकंल? छापलेला हाय की." मग बाईनं विचारलं, "तुमी डॉक्टरीणबाई हाव का?"

"नाही. तो कागद मी केलाय. चूक माझीच आहे."

आता शिव्या येणार म्हणून त्रिवेणीनं फोन घट्ट धरला. शिव्या आल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

"मंग तुमालाच ठाऊक असंल की बाई," पलीकडची आई काकुळतीनं म्हणाली. "सांगा लवकर, किती देऊ? माप हातातच हाय. तुमी म्हणताल तेवढंच देते."

खरा आकडा त्रिवेणीला पाठ होता. सकाळपासून तिनं तो पन्नासदा वाचला होता. पण चुकीचं पानही तिला अकरा दिवस बरोबरच वाटलं होतं. काका तिच्याकडे बघत होते, सर बघत होते, फोनमध्ये बाळ रडत होतं, आणि तिच्या तोंडून तो आकडा काही केल्या निघेना.