पोटवाल्या टीव्हीवरची शर्यत

भर उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला केइयो दुपारी गाडीमागे ट्रेलर लावून आमच्या अंगणात उतरला, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. सणाला माणसं बर्चच्या डहाळ्या आणतात, सॉसेज आणतात, निदान बिअर तरी आणतात. हा बाबा रिकामा ट्रेलर घेऊन आला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आर्वोची गाडी न्यायला. फोनवर बोलणं झालंय आमचं."

आर्वो म्हणजे माझा नवरा. तो व्हरांड्यात खुर्चीवर बसून तळ्याकडे बघत होता, ऑक्टोबरपासून बघतोय तसाच. ऑक्टोबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली, पण डाव्या हातातली ताकद गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्या दिवसापासून या माणसाने तोंडाला कुलूप लावलं. जेव म्हटलं की जेवतो, झोप म्हटलं की झोपतो. ताटात खडे वाढले असते तरी चावून गिळले असते.

"तू हो म्हणालास याला?" मी आर्वोला विचारलं.

"ने म्हणालो," तो तळ्याकडे बघतच म्हणाला. "पडूनच तर आहे."

आमच्या भागात मातीच्या गोल वाटेवर भंगारातल्या गाड्या पळवतात, त्या खेळाला जोक्किस म्हणतात. त्यात एक नियम आहे. शर्यत संपली की कुणीही कुणाच्याही गाडीला ठरलेल्या किमतीची बोली लावू शकतो आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हणून शहाणा माणूस गाडीत फार जीव गुंतवत नाही. माझ्या नवऱ्याने गुंतवला. आणि ती कुणी मागू नये म्हणून अकरा वर्षं तिला मुद्दाम कुरूप ठेवली. एक दार हिरवं, एक पिवळं, बॉनेट चेपलेलं. आत इंजिन काय आहे ते फक्त केइयोला माहीत, कारण तीस वर्षं तो आर्वोच्या मागून दुसरा यायचा. बोली लावायची त्याची कधी छाती झाली नाही. लावली असती तर आर्वोनेही त्याच्या गाडीला लावली असती.

आणि आता आर्वो आजारी पडल्यावर याला कंठ फुटला. गाडी गेली की आर्वो त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

"केइयो," मी म्हणाले, "शर्यत न होता बोली? हे कुठलं जोक्किस?"

तो चपापला. "अगं टेर्तू, आता शर्यत कशी होणार? डॉक्टरांनीच..."

"तो नियम मला नको शिकवूस. शर्यत नाही, तर बोली नाही. तीस वर्षं तूच बोंबलत आलास ना, नियम म्हणजे नियम?"

तेवढ्यात आतून माझी लेक ओरडली, "आई, हा टीव्ही म्हणजे नुसता रणगाडा आहे गं! सरकवायलाही दोन माणसं लागतील!"

हेन्ना टांपेरेहून सकाळीच आली होती आणि येताना आपला गेमचा कन्सोल घेऊन आली होती. अडतीस वर्षांची घोडी, पण सुट्टीत गेम हवाच. आता आमचं हे तळ्याकाठचं खोपटं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या वस्तूंचं पेन्शनीचं ठिकाण. नवं काही इथे आणायचं नाही, ही माझ्या सासूपासूनची रीत. त्यामुळे टीव्हीही तो जुना, काचेचा, मागे हे एवढं पोट सुटलेला. कन्सोलच्या वायरचं टोक चपटं, बोटभर रुंद, आणि टीव्हीच्या पाठीला कंगव्याएवढी लांब खोबण. दोघांचं लग्न लावायला तिने बाजारातून तळहाताएवढी एक डबी आणली होती.

मी आत गेले तर पडद्यावर काळंपांढरं चित्र खालून वर पळत होतं. हेन्नाने डबीच्या कडेचं इवलंसं बटण नखाने सरकवलं आणि चित्र जागेवर थांबलं. रंग आले. मातीची वाट, पाईनची झाडं, आणि मधोमध एक गाडी.

माझ्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली.

"केइयो, आत ये! ही बघ शर्यत. तुझ्याकडेही आहे ना हा खेळ?"

केइयो दारातूनच हसला. "हा? हिवाळाभर हाच खेळतोय मी. भिंतीएवढा टीव्ही आहे माझा. पण हे काय गं? ही गाडी आहे की फ्रीज?"

खरंच होतं ते. रुंद चित्र त्या चौकोनी काचेत कोंबल्यामुळे गाडी उभट आणि बारीक दिसत होती. वर कडाही कापल्या गेलेल्या. वेग दाखवणारा आकडा अर्धा काचेबाहेर, कोपऱ्यातला वाटेचा नकाशा तर पुरताच गायब. अक्षरं म्हणाल तर मुंग्या फिरल्यासारखी.

"तीन फेऱ्या," मी म्हणाले. "सारखी गाडी, सारखी वाट. तू जिंकलास तर गाडीच्या शेडची किल्ली तुझ्या हातावर ठेवते. आर्वो जिंकला तर गाडीचं नाव पुन्हा काढायचं नाही, या जन्मात."

"कशाला दमवतेस बिचाऱ्याला?"

बिचारा! हा शब्द व्हरांड्यापर्यंत गेला. खुर्ची करकरली. आर्वो काठी टेकत आत आला आणि पडद्यासमोर बसला.

"सौना तापायला दोन तास आहेत," केइयो तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीघराकडे बघत म्हणाला. त्याचा चेहराही जरा उतरला होता. "तोवर सराव कर. मी तुझी लाकडं फोडतो."

सराव कसला, हसूच व्हायची वेळ आली. गाडी वळवायची काडी डाव्या अंगठ्याखाली, आणि आर्वोचा डावा अंगठा म्हणजे थंडीने आखडल्यासारखा. गाडी सुटली की सरळ झाडावर. पाच वेळा सुटली, पाच वेळा झाडावर. सहाव्यांदा कंट्रोलर हातातून निसटून खाली पडला आणि आर्वोने तो उचललाही नाही.

"त्याला सांग, ने म्हणावं गाडी," तो म्हणाला.

माझं तोंड सुटलं. "नेऊ दे की! आणि त्याच ट्रेलरवर तूही बस! तिकडे तरी एखादं वाक्य बोलशील!"

"आई, गप्प बस जरा," हेन्ना म्हणाली. "बाबा, सगळं उजव्या हाताला आणता येतं. वळणंही आणि ब्रेकही. फक्त ते कुठे लिहिलंय ते या काचेवर वाचता येत नाहीये मला."

मग मी शब्दकोडी सोडवायचं भिंग आणलं. गुडघे टेकून, काचेला नाक लावून मी एकेक ओळ वाचत गेले आणि हेन्ना बटणं दाबत गेली. अर्धा तास गेला. एकदा चुकून सगळं जर्मनमध्ये गेलं, तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते सणाच्या दिवशी शोभणारं नव्हतं. शेवटी झालं एकदाचं. वळण उजव्या अंगठ्याला, वेग आणि ब्रेक त्याच हाताच्या बोटांना. डावा हात मांडीवर निवांत.

आर्वोने गाडी सोडली. पहिलं वळण निघालं. दुसरंही निघालं. तिसऱ्यावर घसरली, पण तो पुढे झुकला आणि काचेकडे टक लावून बघू लागला.

"आतली माती ओली आहे," तो म्हणाला.

"काय?"

"काळी दिसत नाही का तुला? तिथे पकड नाही. बाहेरून घ्यायला हवी."

मी आणि हेन्नाने एकमेकींकडे पाहिलं. ऑक्टोबरनंतर एका दमात एवढं तो पहिल्यांदाच बोलला होता. आम्ही दोघी मांजराच्या पावलांनी मागे सरकलो. तो गाडी सोडत राहिला, पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

सौना तापली. केइयो हात झटकत आत आला, कॉफी प्यायला, आणि आधी मी म्हणून बसला.

पहिल्या वळणालाच त्याने मान वर केली. सवयीने तो कोपऱ्यातला नकाशा शोधत होता. तिथे नुसती लाकडी चौकट. "पुढे काय आहे तेच दिसत नाही!" तो ओरडला. मग वेगाचा आकडा बघायला गेला, तर तोही अर्धामुर्धा. गाडी उभट दिसत असल्याने रुंदीचा अंदाजही चुकला. एकदा कुंपणाला घासली, एकदा ओल्या मातीत सरकली. पण गडी काही कच्चा नव्हता. शेवटच्या फेरीत त्याने असा काही जोर लावला की मी शेडची किल्ली मुठीत घट्ट धरली. वेळ हेन्नाने भिंगातून वाचली: तीन मिनिटं, एकेचाळीस सेकंद आणि वर सहा दशांश.

"जाऊ द्या, बरी आहे," केइयो घाम पुसत म्हणाला. "घरी असतो तर दहा सेकंद कमी लागले असते."

आर्वो बसला. त्याने नकाशा शोधला नाही, कारण नकाशा असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. वेगाचा आकडाही नाही. त्याच्या त्या दोनरंगी गाडीचा काटा पहिल्या वर्षीच तुटला होता. तो नुसता इंजिन ऐकायचा आणि माती बघायचा. आजही तेच केलं. ओल आली की बाहेरून, कोरडं आलं की आतून. ओठ हलत होते त्याचे. दुसऱ्या फेरीला मला कळलं, तो गाडीशी बोलतोय. "थांब, थांब... आता सोड. शहाणी माझी ती." माझ्याशी कधी इतक्या लाडाने बोलला नाही मेला.

तिसऱ्या फेरीत मी श्वास घेतला की नाही, देव जाणे. शेवटच्या वळणावर गाडीचं बूड कुंपणाकडे गेलं. हेन्नाने डोळे मिटले. कुंपणाला पुसटसं अंग लावून गाडी सुटली आणि रेषा पार झाली.

"वाच!" केइयो म्हणाला.

हेन्नाने भिंग धरलं. "तीन मिनिटं, एकेचाळीस सेकंद... आणि... आई, हे तीन आहे की आठ?"

मी बघितलं. काचेवर सगळा अंक पसरलेला. तीन म्हणावं तर तीन, आठ म्हणावं तर आठ. तीन असेल तर आर्वो जिंकला. आठ असेल तर गाडी गेली. मला तीनच दिसत होतं, पण मला ते आठाच्या जागीही दिसलं असतं.

"मी आणि आई नको," हेन्ना म्हणाली. "केइयोकाका, तूच वाच."

केइयोने चष्मा पुसला. गुडघे टेकले, भिंग घेतलं, एक डोळा मिटला. इतका वेळ बघत राहिला की कॉफी निवली असेल. शेडची किल्ली माझ्या मुठीत रुतत होती. आठ म्हणाला असता तर त्याला खोटं कोण पाडणार होतं?

तो उठला. गुडघे झटकले.

"तीन आहे," तो म्हणाला. "डावीकडे उघडा आहे आकडा. च्यायला, तीनच आहे."

हेन्नाने अशी किंकाळी फोडली की तळ्यावरची बदकं उडाली. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी केइयोचा मुका घेतला. मग भान आलं आणि नवऱ्याचा घेतला. त्याने तो नीट घेऊ दिला नाही, कारण तो केइयोशी भांडत होता.

"शेवटच्या वळणावर मी अर्धा सेकंद घालवला, पाहिलंस ना? तिथे तू कसा गेलास? आतून? गाढवा, आतून जातं का कुणी तिथे?"

"तू मला शिकवू नकोस! या डबड्यावर नशिबाने जिंकलास!"

"मग बस की पुन्हा. बस!"

तो पुन्हा बसला. मग आर्वो. मग पुन्हा केइयो. सौना निवत गेली आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. मी नवे बटाटे उकडत ठेवले होते ते साफ विसरले. आठवण झाली तेव्हा भांड्यात नुसता लगदा. तोच शेपू आणि लोणी घालून, खारवलेल्या हेरिंग माशाबरोबर वाढला. काय करणार?

आर्वोने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"टेर्तू, हे काय आहे? याला बटाटे म्हणतात? वर्षातून एकदा नवे बटाटे येतात आणि त्यांची तू ही दशा केलीस?"

आठ महिन्यांत या माणसाने ताटात काय आहे ते बघितलं नव्हतं. हेन्ना खिडकीबाहेर बघू लागली, केइयो हेरिंगमध्ये तोंड घालून बसला. मी बाहीनेच डोळे पुसले आणि पहिल्यापासून जशी बोलत आले तशीच बोलले.

"गीळ मुकाट्याने! नाहीतर उद्या स्वतः उकड!"

"उकडतो की," आर्वो म्हणाला. "एका हातानेही यापेक्षा बरे होतील."