उसनं कातडं

मेलेल्या कोकराच्या मागच्या पायांभोवती फार्मच्या मालकिणीने चाकू गोल फिरवला आणि मोजा उतरवावा तसं कातडं हळूहळू पुढे ओढायला सुरुवात केली. रक्त फारसं आलं नाही. बर्फ भरून न्यायचे दोन डबे हातात घेऊन गोठ्यात शिरलेली ती दारातच थबकली.

“आमचं हेच का?” तिने विचारलं.

मालकिणीने आधी तिच्याकडे, मग हातातल्या वीतभर जिवाकडे पाहिलं.

“ह्यात मांजराचं तरी पोट भरेल का, ताई? तुमची दोन्ही पलीकडच्या थंड खोलीत टांगलीत, चार दिवस झाले. हे आज सकाळी मेलेलंच जन्मलं.”

ती ओशाळली. दोन अख्खी कोकरं एकदम घ्यायची तर सगळं आधी कळलेलं बरं, म्हणून तिने घरून प्रश्नांची यादी आणली होती. चारा कुठला, इंजेक्शनं कोणती, कापल्यावर किती तासांत थंड केलं. यादी पाहून नवरा म्हणाला होता, जन्मदाखला मागायचा राहिलाच की. आता तो पलीकडे खाटकाला तुकडे कसे करायचे ते सांगत होता. मांड्यांचे लहान, मानेचा खिमा, आणि नळ्या सगळ्या वेगळ्या, सुपासाठी. त्याच्या कडेवर खारू होती.

खारू अडीच वर्षांची होती आणि तिला दत्तक घेऊन अकरा आठवडे झाले होते. खारीसारखा घास गालात धरून ठेवायची, कधीकधी तासभर, म्हणून नवऱ्याने तिला हे नाव ठेवलं. रक्त कमी, वजन कमी. गिळायची ती एकच गोष्ट, मटणाचं सूप, आणि तेसुद्धा नवऱ्याच्या हातून. हिने चमचा पुढे केला की खारू मान वळवायची. रडणं नाही, हट्ट नाही. बसमध्ये अनोळखी बाईने गोळी देऊ केली तर शहाणं मूल वळवतं, तशी. सासूबाई म्हणायच्या, होईल हळूहळू, मुलांना माया कळते. हे ऐकलं की तिला वाटायचं, मग आपल्यात काय कमी पडतंय? नऊ दिवसांनी संस्थेच्या बाई मूल रुळलं का ते पाहायला घरी येणार होत्या. बाजारातल्या मटणावर तिचा भरवसा नव्हता. तिने नवा फ्रीजर घेतला, हा फार्म शोधून काढला. वाटीत काय पडतं, एवढं तरी तिच्या हातात होतं.

“मोकळ्याच आहात ना? मग हे धरा,” मालकीण म्हणाली.

तिने डबे खाली ठेवले न ठेवले तोच तिच्या हातांत एक जिवंत कोकरू आलं. तिळ्यांतलं तिसरं, मालकिणीने सांगितलं. आईला आचळं दोन, त्यामुळे याच्या वाट्याला ढुशाच. ओल्या लोकरीखाली बरगड्या लागत होत्या आणि त्यांच्या आत काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटली. तिची नजर नळ शोधू लागली. तेवढ्यात मालकिणीने ते सोललेलं कातडं आणलं, शाळेला उशीर झालेल्या पोराला स्वेटर घालावा तसं कोकराच्या डोक्यावरून ओढलं आणि एकेक पाय भोकांतून बाहेर काढला. कातडं अजून कोमट होतं. मागे आता दोन शेपट्या लोंबत होत्या.

कोपऱ्यात फळ्यांनी अडवलेल्या चौकोनात एक मेंढी एकटीच होती. तिचंच पिल्लू गेलं होतं. ती खालचं गवत चाटायची, मान वर करून हाक मारायची, पुन्हा चाटायची.

“तिला पोर डोळ्यांनी नाही कळत, नाकानं कळतं,” मालकीण म्हणाली. “ठेवा खाली आणि मागे व्हा. ढकलायचं नाही, चुचकारायचं नाही. आपलं काम संपलं.”

मेंढी पुढे आली. तिने कोकराचं तोंड हुंगलं आणि अशी ढुशी मारली की ते कोलमडलं. ही नकळत पुढे झाली, तर मालकिणीचा हात आडवा आला. कोकरू चारही पाय फाकवून उठलं आणि पुन्हा मेंढीकडेच गेलं. मेंढीने पुढचा पाय आपटला. मग ती त्याच्याभोवती फिरली, मागून आली आणि त्या उसन्या कातड्याला नाक लावून उभी राहिली. नाकपुड्या फुगत होत्या, मिटत होत्या. पलीकडच्या खोलीतली खाटकाची करवत थांबली होती, की हिला ती ऐकू येईनाशी झाली होती, कोण जाणे.

मग मेंढीच्या मिटलेल्या तोंडातून एक आवाज निघाला. हाक नव्हे. खोल, खालच्या पट्टीतली घरघर, जमिनीतून यावी तशी. हिने असा आवाज कुठल्याच जनावराच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हा आवाज ती फक्त स्वतःच्या पोटच्या पिल्लासाठी काढते, मालकीण हळूच म्हणाली, एरवी आयुष्यात कुणासाठी नाही. कोकरू चाचपडत कासेशी पोचलं. दोन शेपट्यांपैकी एक थरथर हलायला लागली.

हिच्या अंगावर काटा आला. ती पालथ्या बादलीवर बसली. डोळे त्या शेपटीवरून निघत नव्हते.

“म्हणजे तिला फसवलंच की,” ती म्हणाली.

“पहिले दोन दिवस फसवलं. तिसऱ्या दिवशी मी कातडं काढून टाकते. तोवर तिचं दूध त्याच्या अंगात भिनलेलं असतं. मग त्यालाच तिचा वास येतो.”

“आणि तिला कळत नाही?”

मालकिणीने चाकू गवतावर पुसला. “कळतही असेल. पण एकदा पान्हा फुटल्यावर कळून करायचंय काय?”

 हिला खारूचा घरातला पहिला दिवस आठवत होता. खारू एका विटक्या पिवळ्या फ्रॉकमध्ये आली होती, मुठीत फ्लॅनेलचा एक तुकडा. काय काय लागलं असेल त्याला, या धास्तीने तिने दोन्ही गरम पाण्यात जंतुनाशक घालून उकळले, दोनदा, आणि कडक उन्हात वाळवले. संध्याकाळी खारूने तो तुकडा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग जमिनीवर ठेवून दिला आणि पुन्हा कधी उचलला नाही. आपण किती स्वच्छ ठेवतो याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

नवरा डिकीत पुड्या रचत होता, खारू मागच्या सीटवर पट्ट्यात बसली होती, तेव्हा तिने गाडीपासून जरा लांब जाऊन संस्थेत फोन लावला. फोन आयाने उचलला. नाव ऐकताच तिचा आवाज उतरला. काय झालं, पोर परत आणताय का?

“नाही, नाही. तुम्ही मुलांना आंघोळीला साबण कुठला वापरायचा?”

 आया चाचरत म्हणाली, साबण कसला, हिरवी वडी, कपड्यांचीच. साठ पोरं, वेगळं कुठून आणणार? भांड्यांना तीच, पोरांना तीच, आम्हालाही तीच. वर कुणाला सांगू नका, ताई.

वाटेत एका किराणा दुकानापाशी तिने गाडी थांबवायला लावली. दुकानामागे नळ होता. तिने वडीचा कागद फाडला, हात कोपरांपर्यंत चोळले, मान चोळली, ओढणीचं टोक फेसात बुडवून पिळलं. वास उग्र होता, नाकाला झोंबणारा. परत आली तेव्हा नवरा गाडीबाहेर उभा राहून पाहत होता.

“कपड्यांच्या साबणाने? कातडी सोलून निघेल.” मग घड्याळ दाखवत म्हणाला, “आणि दोन तासांत सगळं फ्रीजरमध्ये हवं, असं तुझंच फर्मान आहे. बर्फ वितळतोय.”

ती पुढे बसली नाही. मागचं दार उघडून खारूच्या शेजारी बसली, ओला हात दोघींच्या मध्ये सीटवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर दुकानदार पोत्याचं तोंड शिवत होता. एक टाका, दुसरा, तिसरा. मग तिच्या मनगटाला काहीतरी गार, इवलंसं लागलं. लागून राहिलं. लहान लहान श्वास त्वचेवर येत होते, जात होते.

“निघायचं?” पुढून नवऱ्याने विचारलं.

“थांब जरा,” ती ओठही न हलवता म्हणाली.