कोऱ्या पानावरच्या सह्या

कॉलेजच्या ऑफिसात कारकून रमाकांत बाबूंनी नोटीस वहीचं कोरं पान उघडलं, त्यावर लाकडी पट्टी दाबून धरली आणि पानाच्या खालच्या अर्ध्या भागात उभ्या रेघा मारल्या. अनुक्रमांक, वर्ग, प्राध्यापकांची सही. वरचा अर्धा कागद तसाच पांढरा ठेवला. मग वही त्यांनी टेबलावरून शिपाई गोजरबाईंकडे सरकवली.

"सह्या तेवढ्या घेऊन या, मावशी. मजकूर मागाहून चिकटवतो."

"कायची नोटीस हाये, बाबू?"

"विद्यापीठाची आहे एक. अकराच्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये चहाला बसलेले असतात. एका फेरीत काम होईल. तुमच्या गुडघ्यांनाही आराम."

गोजरबाईंनी वही काखेत घेतली. नोटीस कसली ते त्यांना ठाऊक होतं. सकाळीच तो कागद प्राचार्यांच्या सहीला त्यांनीच नेला होता. प्राचार्य गावाला निघायच्या घाईत होते. त्यांनी न बघता सही ठोकली आणि गाडीत बसले. गोजरबाई सातवी शिकलेल्या. पण चौदा वर्षं कॉलेजचे कागद या खोलीतून त्या खोलीत नेता नेता चालत्या पायी वाचायची सवय लागली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक वर्षाचं प्रशिक्षण. राहायची-जेवायची सोय, वर महिन्याचं विद्यावेतन. शेवटच्या वर्षाचा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालेल. कॉलेजने चाचणी घेऊन एकच नाव पाठवायचं, आणि सूचना तिन्ही वर्गांत वाचून दाखवल्याचा पुरावा म्हणून सह्यांच्या पानाची प्रत जोडायची. पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं. अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

त्या कागदामागे टाचणीने लावलेला एक भरलेला अर्जही त्यांनी पाहिला होता. आल्हादचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला रमाकांत बाबूंचा मुलगा.

ऑफिसातून बाहेर पडून त्या व्हरांड्यात आल्या. स्टाफरूम उजव्या हाताला, वर्ग डाव्या हाताला. फेब्रुवारी सरत आला होता आणि फरशी आताच तापायला लागली होती. गोजरबाई दोन्हींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

बाबू माणूस वाईट नव्हे. गोजरबाईंचे मालक गेले तेव्हा अकरा महिन्यांच्या कराराची ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली. दर जूनमध्ये नवी ऑर्डर ते स्वतः टाईप करत आणि "घ्या मावशी, आणखी एक वर्ष" म्हणत हातात देत. त्या माणसाच्या शब्दावर गेल्या वर्षीही गोजरबाईंनी अशाच कोऱ्या पानावर सह्या आणल्या होत्या. चहाचे कप बाजूला सारून सरांनी, मॅडमनी सह्या केल्या; वर काय चिकटणार ते एकानेही विचारलं नाही. पुढे महिन्याभराने गल्लीतली दीपमाला घरी आली. वर्गात पहिली येणारी पोरगी. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, त्या शिबिराची नोटीस आमच्या वर्गात कधी आली व्हती?" तांदूळ निवडता निवडता गोजरबाईंचा हात थांबला. ती नोटीस कुठल्याच वर्गात वाचली गेली नव्हती. दीपमालाने पुन्हा विचारलं नाही. आता ती मोताळ्याला कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि दिसली की आधीसारखंच हसते. ते हसणंच गोजरबाईंना सोसत नव्हतं.

गोजरबाई कीर्तनात मागे उभ्या राहणाऱ्या. वीस वर्षं झाली, गावातल्या सप्ताहात बुवांच्या मागे त्यांचे टाळ कधी चुकले नाहीत. हे मागे उभं राहणं लोकांना सोपं वाटतं. बुवांनी चरण सोडला की तो वरच्या वर झेलायचा आणि मंडपाच्या पार टोकाला, जिथे थकली माणसं बांबूला पाठ टेकून बसलेली असतात, तिथवर नेऊन पोचवायचा. देवाचं नाव काही पुढच्या सतरंजीपुरतं नसतं. शिपायाचं कामही त्यांनी याच हिशेबाने आपलं मानलं होतं. बोल दुसऱ्याचा, पोचवायचं आपण. पण एवढ्या वर्षांत एकही बुवा असं म्हणाला नव्हता की, आधी तुम्ही हो म्हणा, चरण मी मागाहून सांगतो.

त्यांनी पदर खोचला आणि डावीकडे वळल्या.

बी.एस्सी.च्या वर्गात प्रतिमा मॅडमचा तास चालू होता. वही दिसताच मॅडमनी बोलणं न थांबवता पेनाचं टोपण काढलं आणि हात पुढे केला. गोजरबाईंनी वही दिली नाही.

"आधी नोटीस आइकून घ्या, मॅडम. सही मंग करा."

"बरं, द्या. वाचते."

"लिहेल नाही अजून. मी सांगते."

मॅडम क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग खडू ठेवून बाजूला झाल्या. गोजरबाई फळ्यापुढे आल्या. फळा पुसायला त्या इथे हजारदा आल्या असतील. वर्गाकडे तोंड करून आज पहिल्यांदाच उभ्या होत्या.

"पोट्टेहो, आइका."

मागच्या बाकावरून सागर म्हणाला, "मावशी, टाळ घरी इसरल्या काय?"

वर्ग हसला. गोजरबाईही हसल्या.

"टाळ घरीच हायेत. तू बस खाली, तुयाच कामाचं हाये."

मग त्यांनी सांगितलं. कुठे, किती दिवस, कोणाला, काय मिळणार. आवाज मंडपात तयार झालेला, तिथे माईक बंद पडला तरी कीर्तन बंद पडत नसे. खिडकीबाहेर मोटारसायकल पुसणारा माणूसही थांबून ऐकू लागला.

"नाव एकच जाईन, पन अर्ज कोनीबी करू शकते. आज पाच वाजेपर्यंत. आखरी टाइम किती?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्या आत्ता काय सांगतलं? पाच. म्हना."

"पाच," पुढचे दोन बाक पुटपुटले.

"मागच्या लाइनीले आइकू नाही आलं वाटते."

"पाच," सगळा वर्ग म्हणाला, हसत, पण म्हणाला. दुसऱ्या बाकावर आल्हाद बसला होता. तो म्हणाला नाही. तो वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत होता.

खिडकीजवळची संजीवनी उभी राहिली. अमडापूरची पोरगी, तिचे आई-बाप बाजारात भाजी लावतात, आणि ती रोज दोनच्या बसने परत जाते, कारण दुपारनंतर दुकान तिच्याकडे असतं.

"मावशी, पोरींनी भरला तं चालते काय?"

"कागदावर तं विद्यार्थी असं लिहेल हाये. तू इथं काय भाजी इकाले येतं का?"

"माही बस दोनची हाये."

"आजच्या दिस सोड दोनची."

प्रतिमा मॅडमनी वही घेतली. सही केली आणि सहीशेजारी लिहिलं, 'वर्गात सांगितली, सकाळी १०.२०.' वही परत देताना आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाबूंना माहीत आहे का हे?"

"व्हईन माहीत."

बी.कॉम.च्या वर्गात गणेश सर जरा तापट. "मावशी, नोटीस वाचणं आमचं काम आहे. तुम्ही कशाला वाचता?"

"मंग तुमीच वाचा, सर." गोजरबाईंनी वही उघडून त्यांच्या हातात दिली.

सरांनी पान पाहिलं. उलटून पाहिलं. आधीचं पान पाहिलं. "यात तर काहीच नाही."

"तेच तं. मी एक एक सांगते, तुमी म्हना."

सर काही बोलणार होते, पण साठ जण त्यांच्याकडे बघत होते. मग गोजरबाई हळू एक वाक्य सांगत आणि सर ते खणखणीत आवाजात वर्गाला सांगत. तिसऱ्या वाक्याला सरांनाच जोर चढला. शेवटी "पाच म्हणजे पाच, पाच वाजून एक मिनिट नाही" हे त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं आणि सहीखाली वेळ लिहिली. बी.ए.च्या वर्गात गोजरबाई पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. तिथे पोरं वह्या उघडून बसली होती.

साडेचारला घंटीवर घंटी वाजायला लागली. ऑफिसात रमाकांत बाबू उभेच होते. टेबलावर नोटीस वही उघडी होती. वर पांढरा अर्धा कागद, खाली तीन सह्या आणि तीन वेळा.

"दार लोटून घ्या."

"खुलं राहू द्या, बाबू. बाहेर पोट्टे हायेत, त्याइले आत याचं हाये."

बाबू बसले. चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले. "तुम्हाला वाचायला कोणी सांगितलं होतं?"

"कोनीच नाही."

"चौदा वर्षांत तुम्ही कधी शब्द खाली पडू दिला नाही माझा."

"चौदा वर्स तुमी जे लिहून देल्लं ते म्या पोचवलं. आज तुमी काही लिहूनच देल्लं नव्हतं."

पंखा खरखरत होता. बाबूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा उतरवला.

"मावशी, जूनची ऑर्डर आपोआप निघत नाही. मी टाईप करतो तेव्हा निघते."

गोजरबाईंपुढे जूनचा हिशेब उभा राहिला. घराचं भाडं, गुडघ्याच्या गोळ्या, नात. त्यांनी टेबलाची कड धरली. कड धरल्याचं लक्षात आल्यावर हात काढून घेतला.

"नाही निघाली तं माही जागा खाली व्हईन," त्या म्हणाल्या. "मंग तिची बी नोटीस काढा. तारीख टाका, टाइम टाका. मी सोता तिन्ही वर्गांत सांगून येते आन् मंगच घरी जाते. लय गरजवान लेकरं हायेत बाहेर."

बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

"माझा मुलगा आहे तो," बाबू हळू म्हणाले. "दोन वर्षं झाली भरतीचे अर्ज भरतोय, कुठे काही लागत नाहीये. बापाने एवढंही करू नये का?"

"हाव, करा. अर्ज भरून द्या, अभ्यास घ्या त्याचा, देवाजोळ हात जोडा. मी बी जोडते त्याच्यासाठी, खोटं नाही सांगत. पन बाहेर उभे हायेत त्याइले बी बाप हायेत, बाबू. ते टपालाजोळ बसत नाहीत, येवढंच."

बाबूंनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर पायांची चुळबूळ होत होती. संजीवनी सगळ्यात पुढे होती, अर्ज दोन्ही हातांत धरून. मागे सागर, बी.कॉम.ची चार जणं, बी.ए.च्या पोरी. रांग व्हरांड्याच्या खांबापर्यंत गेली होती. रांगेच्या टोकाला आल्हाद होता. हातात नुकताच भरलेला अर्ज, शाई बोटाला लागलेली.

बाबू त्याला बघून अर्धवट उठले. "तू कशाला उभा? तुझा आहे इथे."

"हाव, मालूम आहे," आल्हाद म्हणाला.

तो जागचा हलला नाही. त्याच्या पुढच्या पोरीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं.

बाबू खाली बसले. बराच वेळ त्यांनी ड्रॉवरच्या कडीवर बोट ठेवलं होतं. मग ड्रॉवर उघडून विद्यापीठाचा कागद बाहेर काढला आणि त्यामागची टाचणी सोडवली. टाचणीतून निघालेला अर्ज त्यांनी दुमडला, परत दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. डिंकाची बाटली उघडली. वहीच्या पांढऱ्या अर्ध्या भागावर त्यांनी कागद चिकटवला, तळहाताने सुरकुत्या काढल्या, आणि मान वर न करता म्हणाले, "पहिला कोण?"

संजीवनी आत आली. तिचा अर्ज घेऊन बाबूंनी त्यावर एक आकडा घातला.

गोजरबाई पुढे झाल्या. "तुया पेन दे, पोरी."

पेन घेऊन त्यांनी नोटीस वही आपल्याकडे ओढली. तिसऱ्या सहीखाली त्यांनी चार आकडा लिहिला.

"तुमची सही लागत नाही, मावशी," बाबू म्हणाले. आवाजात राग नव्हता. सावध करत असल्यासारखं ते बोलले. "हे पान विद्यापीठात जाणार आहे. उद्या कोणी विचारलं, नोटीस शिपायाने का वाचली, तर मला काही करता येणार नाही. नाव नाही घातलंत तर कोणाला कळणारही नाही."

"म्हनूनच घालते."

वर्गाच्या रकान्यात त्यांनी 'तिन्ही' असं लिहिलं. मग सहीच्या रकान्यात, एक एक अक्षर गिरवत, नवऱ्याचं आणि आडनावाचं धरून पूर्ण नाव. नाव रकान्यात मावलं नाही. रेघ ओलांडून कडेपर्यंत गेलं. खाली त्यांनी वेळ घातली.

चार वाजून चाळीस मिनिटं. व्हरांड्याच्या खांबामागे आणखी दोघी धावत येऊन उभ्या राहिल्या होत्या. शाई वाळेपर्यंत गोजरबाईंनी वही उघडीच धरून ठेवली.