तारल्यांची निळी पट्टी

तुमच्या दंडावर कुणी चार बोटं रुंदीचं जुनं फडकं बांधलं, तर त्याचं कितीसं ओझं वाटेल तुम्हाला?

काहीच नाही, असं म्हणाल. पूर्वी मीही तसंच म्हणाले असते. मी लोकमेवेन या बंदरगावच्या महिला फुटबॉल संघाची पट्टी बोलतेय. कप्तानाच्या दंडावरची, निळी.

मुळात मी एक ॲप्रन होते. आमच्या बंदरावर तारल्या डब्यात भरण्याचा कारखाना होता आणि तिथल्या सगळ्या बायका निळे ॲप्रन बांधायच्या. मी मारीव्होनच्या कमरेला असायचे. रविवारी दुपारी या बायका धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळायच्या, आणि त्यांचे नवरे कुंपणाला टेकून खिदळायचे. एकदा शेजारच्या गावाशी रीतसर सामना ठरला. पंच म्हणाले, "तुमची कप्तान कोण?" मारीव्होननं ॲप्रनचा काठ टर्रकन फाडला, दंडाला गुंडाळला आणि म्हणाली, "ही काय, मी!"

तो माझा जन्म. घरी जाऊन तिनं मला दुहेरी दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं. माशाचा वास मात्र कितीही धुतलं तरी गेला नाही. परगावचे लोक ओरडायचे, "तारल्या आल्या रे, नाकं धरा!" मारीव्होन म्हणायची, "धरा, धरा! दोन्ही हातांनी धरा. तुमच्या टाळ्या तरी ऐकाव्या लागणार नाहीत." तेव्हापासून आमच्या संघाला सगळे तारल्याच म्हणतात.

माझ्याबरोबर कारखान्यातली एक रीतही मैदानावर आली. तिथे दिवसभर हात मिठाच्या पाण्यात. बोट कापलेली बाई तशीच कामाला बसली तर जखम चिघळायची. म्हणून काम सुरू होण्याआधी मुकादमबाई प्रत्येकीपाशी थांबून विचारायची, "हात बरे?" जी "नाही" म्हणेल तिला त्या दिवशी कोरडं काम. का, कसं, हे कुणी विचारायचं नाही. मारीव्होननं तेच कपडे बदलायच्या खोलीत सुरू केलं. सामन्याआधी कप्तान प्रत्येकीसमोर उभी राहते, खेळाडू दोन बोटं माझ्यावर टेकवते, कप्तान विचारते, "हात बरे?" "नाही" म्हणणारी बाकावर बसते. प्रशिक्षकसुद्धा त्यावर अवाक्षर काढत नाही.

पुढे कारखाना बंद पडला, पण संघ वर चढत गेला. पगारी खेळाडू आल्या, दूरदूरच्या मुली आल्या. लीगनं कप्तानासाठी चकचकीत रबरी पट्टी पाठवली. मग ती वर आणि मी तिच्याखाली, थेट कातडीला लागून. नव्या मुली हसायच्या, "पायांनी खेळायचं आणि चौकशी हातांची!" पण हसत हसत बोटं टेकवायच्या. त्या दोन बोटांतून मला पुष्कळ कळायचं. कुणाची थंडगार, कुणाची घामेजलेली. माणसं तोंडानं जे लपवतात ते बोटांना लपवता येत नाही.

माझी शेवटची कप्तान रोझेन. इथलीच, कोळ्याची मुलगी. मधल्या फळीत खेळायची आणि लाटेसारखी न थकता परत परत यायची. इतकी वर्षं तिच्या दंडावर राहिले की तिची नाडी मला माझीच वाटायची.

मागच्या हंगामात उमू आली. पॅरिसच्या एका उपनगरातली, आईवडील मूळचे माली देशातले. अंगानं काटकुळी, पण चेंडू पायाशी आला की समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या. राष्ट्रीय संघाच्या उन्हाळी शिबिराचं बोलावणं तिला पहिल्यांदाच आलं होतं. रोझेनला ती चिडवायची, "कप्तान, तुझ्या गावात पाऊस थांबतो तरी कधी?" रोझेन म्हणायची, "थांबतो की. वारा सुटला की."

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर लीगच्या पहिल्या वर्गात राहणार, नाहीतर खाली घसरणार. खाली गेलो की निम्म्या मुलींचे करार संपणार, आणि रोझेनच्या डोळ्यांदेखत गावाचा संघ पुन्हा धक्क्यामागे जाणार.

आदल्या दिवशी सराव संपल्यावर उमू तिच्याजवळ आली. "कप्तान, वळताना गुडघा निसटल्यासारखा होतो गं. दुखत नाही फार. पण निसटतो."

"ग्वेनाएलला सांगितलंस?" ग्वेनाएल म्हणजे आमचा प्रशिक्षक.

"नाही. उद्या तू विचारशील ना, तेव्हा बघू."

रोझेन "बरं" म्हणाली. तिच्या पिशवीतून मी सगळं ऐकत होते.

सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत रोझेन एकेकीसमोर थांबत गेली. "हात बरे?" "बरे." "हात बरे?" "बरे, आणि भूकपण लागलीय." सगळ्या हसल्या. मग उमूची पाळी आली. तिनं दोन बोटं उचलली होती. मला तिच्या बोटांची ऊब जवळ आलेली जाणवली.

आणि रोझेन खाली वाकली. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी तिनं ती सोडून बांधली. उठली ती थेट पुढच्या मुलीसमोर.

उमूची बोटं क्षणभर हवेत राहिली. मग तिनं हात खाली घेतला. नवी मुलगी ती. कप्ताननं ठरवलंय तर खेळायचं, असं तिला वाटलं असावं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. रोझेनची नाडी मात्र माझ्याखाली अशी धडधडत होती की मला वाटलं, माझी शिवण उसवेल. पट्टीच मी. ना हात, ना तोंड. आवळता आलं असतं तर तिचा दंड करकचून आवळला असता.

उत्तरार्धात उमूनं गोल केला. सगळं मैदान उभं राहिलं. थोड्याच वेळात ती चेंडू घेऊन वळली आणि कुणाचा धक्का न लागता खाली कोसळली. तिची किंकाळी वरच्या ओळीपर्यंत गेली. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता.

आम्ही तो सामना जिंकलो.

गाव रस्त्यावर उतरलं. नगराध्यक्षांनी भाषण केलं, "उमूनं आपल्यासाठी गुडघा दिला." लोक रोझेनची पाठ थोपटत होते आणि प्रत्येक थापेला ती आक्रसत होती. घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघराच्या खणात टाकलं, बाटल्या उघडायच्या स्क्रूशेजारी. खण बंद झाला.

त्या अंधारात मी सगळा उन्हाळा काढला. रोझेन कुट्टूच्या पिठाची धिरडी करायची, वर खारं लोणी, अंडं, चीज. डब्यात भरून उमूकडे न्यायची. शस्त्रक्रियेच्या वेळी तीच सोबत होती, व्यायामाला तीच गाडीतून पोहोचवायची. उमू कधी फोनवर कुरकुरायची, आणि ते खणापर्यंत ऐकू यायचं, "अगं, आई आहे मला! माझ्यावर ओरडायला ती एकटी पुरते. तू नको आणखी." रोझेन हसायची आणि फोन ठेवला की पुन्हा पिठाचा डबा उघडायची. शिबिर उमूशिवाय पार पडलं. त्या संध्याकाळी घरात धिरडी झाली नाहीत.

एकदा मारीव्होन आली. आता काठी टेकत चालते, जीभ मात्र तशीच.

"पट्टी कुठाय माझी?"

"धुवायला टाकलीय, काकू."

"सगळा उन्हाळा? पट्टी आहे की देवमासा?"

रोझेननं कॉफीचं पाणी ठेवलं.

मारीव्होन खुर्चीत बसली. म्हणाली, "तोंड असं का झालंय ते मी विचारणार नाही. पण जी चांगली धुवून निघते, ती वस्तू माणूस खणात लपवून ठेवत नाही." कॉफी पिऊन ती निघून गेली.

मग नवा हंगाम तोंडावर आला. शेजारच्या संघाशी मैत्रीचा सामना ठरला. आदल्या दिवशी दुपारी खण उघडला. रोझेननं मला मुठीत घेतलं आणि उमूकडे गेली. उमू खिडकीशी बसली होती, गुडघ्याला जाड पट्टा.

"आज डबा नाही?" उमू म्हणाली. "मग काहीतरी गंभीर आहे."

रोझेननं मला टेबलावर ठेवलं. "त्या दिवशी मी तुला विचारलं नाही."

"माहितीय. माझी बोटं वर होती."

"तू 'नाही' म्हणशील अशी भीती होती मला. म्हणून मी वाकले. नाडी सुटली नव्हती."

बाहेर समुद्रपक्षी कलकलत होते.

"कप्तान, गंमत सांगू?" उमूचा आवाज बारीक झाला होता. "तू विचारलं असतंस ना, तर मी 'बरे' म्हणाले असते. मला खेळायचंच होतं. खोटं बोलले असते मी. पण ते माझं खोटं असतं. गुडघा माझा, खोटं माझं. तू तेवढंसुद्धा माझ्याकडे ठेवलं नाहीस."

रोझेन रडायला लागली.

"रडू नकोस. नाहीतर मलाच तुझी समजूत घालावी लागेल, आणि आज ते मला जमणार नाही. माफ केलं, असंही म्हणणार नाही. अजून नाही केलं." तिनं मला उचललं आणि नाकाशी नेलं. "ई! अजून मासेच." मग म्हणाली, "ही आज माझ्याकडे राहू दे."

आता मी पुरती विटले आहे, पांढरा दोराही पिवळा पडलाय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी तुमच्यासमोर दोन बोटं उचलून उभं असेल आणि त्याचं उत्तर तुम्हाला नको असेल, तर तेव्हा खाली वाकू नका. विचारा. विचारायला कप्तानच असावं लागतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमू लंगडत कपडे बदलायच्या खोलीत आली, मला स्वतःच्या दंडावर बांधलं आणि प्रत्येकीपाशी थांबत गेली. रोझेननं दोन बोटं टेकवून "नाही" म्हटलं, कुणी न विचारता कारणही सगळ्यांना सांगितलं, आणि सामना संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली.