बोटं कुणाची?

डॉक्टर जाकिसाच्या हातात दुसरा हातमोजाही टर्रकन फाटला.

"ही काय बाहुलीची मापं मागवलीत?" तो करवादला.

"न्याकातो सिस्टर निवृत्त व्हायच्या आधीची पेटी आहे ती," दवाखान्याची दाई झाडता झाडता खिदळली. "त्यांची बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा. तुमची बघा, मक्याची कणसं!"

जाकिसा हसणार होता. पण एकदम त्याची नजर स्वतःच्या बोटांवर खिळली.

सकाळीच त्याने अकेचचं पोट तपासलं होतं. सरोवराच्या पाण्यातल्या कृमींनी त्या नऊ वर्षांच्या पोरीचं यकृत पार निबर करून टाकलं होतं, आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बरगडीखाली आली होती. मागच्या खेपेला सिस्टरांनी मोजली तेव्हा ती बरगडीखाली पाच बोटं लागली होती. आज जाकिसाला चारच लागली. पोरीच्या आईला, अतिमांगोला, त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सूज उतरतेय की! जा खुशाल भावाच्या लग्नाला."

घशातून नळी घालून आतल्या शिरा बघायची सोय थेट कंपालात. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ठोकताळा दिला होता: प्लेटलेट घसरल्या आणि पाणथरीही वाढली, तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असणार, त्या फुटायच्या आत पोराला पाठवा. अकेचच्या प्लेटलेट घसरल्याच होत्या. पण पाणथरी घटतेय या भरवशावर तो गाढवासारखा गाफील राहिला होता. आणि बोटं कुणाची, हे या दवाखान्यात आजवर कुणी विचारलंच नव्हतं!

लग्न पलीकडच्या काठाला, काँगोत. म्हणजे अख्खा दिवस पाण्यात.

तो धावत सुटला. धक्क्यावर नावेचं इंजिन धडधडत होतं. अतिमांगो सुक्या मासळीच्या पोत्यावर बसली होती आणि मांडीवर अकेच होती, लग्नाचा नवा पिवळा झगा घालून.

"उतरा ताई! पोरीला कंपालाला न्यायचंय, आत्ताच्या आत्ता!"

"डोकं फिरलंय का डॉक्टर? सकाळी तर उतरतेय म्हणालात!"

"चुकलो मी. माझी बोटं जाड आहेत."

नावेतली माणसं फिदीफिदी हसली. "लग्नाचं जेवण चुकवायला लावतोय बघा बोटांपायी!" नावाडी ओरडला.

जाकिसा गुडघाभर पाण्यात शिरला. "सिस्टरांचे हातमोजे तुम्हाला बसतात?"

"मासळी साफ करायला त्यांचेच तर न्यायचे मी. अगदी बेताचे बसतात."

"मग तुम्हीच मोजा. आडवी बोटं ठेवा, बरगडीपासून खाली, कडक लागतंय तिथवर."

अतिमांगोने कुरकुरत हात ठेवला. चार बोटं झाली. तिने दुसऱ्या हाताचं बोट लावलं, पाच. अजूनही खाली कडकच लागत होतं. तिने सहावंही टेकवलं, सिस्टरांच्या पाचापेक्षा एक जास्त.

"आई, मला दुखत नाहीये," अकेच म्हणाली. "लग्नाला जाऊया ना गं!"

अतिमांगोने तिला उचललं आणि ती तशीच पाण्यात उतरली. पोतं तसंच नावेत राहिलं.

जाकिसाने दोघींना मासळीच्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसवलं आणि कंपालाला फोन केला. ट्रक वळणाआड गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपली एक चप्पल पाण्यात गेलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी अतिमांगोचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"इस्पितळाच्या दारातच ओकली हो. रक्त! पिवळा झगा सगळा लाल झाला. लगेच आत नेली, नळी घातली, शिरा बांधल्या. आता झोपलीय."

नावेवर असती तर? चहूकडे नुसतं पाणी, आणि मांडीवर पोर.

"ऐकताय ना डॉक्टर?" ती नाक ओढत म्हणाली. "इथल्या डॉक्टरबाईंनी मापाच्या फितीने मोजलं. तुमच्यासाठी एक मागून घेतलीय. ती जाड बोटं आता भाकरी मोडायला वापरा."

तो मोठ्याने हसला, आणि हसता हसताच ढसाढसा रडायला लागला. ती फोन धरून थांबली.