सिस्टरांचा कोर्स

"डॉक्टर, आई दिवसभर मोबाइलवर गेम खेळते. हा मानसिक आजारच ना?" मुलाने विचारलं, तेव्हा त्याची आई, म्हणजे सिस्टर, शेजारच्याच खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गेममध्येही त्यांचं नाव तेच आणि कामही तेच: लढाईत पडलेल्या आपल्या संघातल्या गड्यांना मलमपट्टी करून पुन्हा उभं करायचं. आता आजाराचा शिक्का बसला की मोबाइल जाणार आणि गडीही जाणार, हे त्यांना दिसत होतं.

डॉक्टर हसले. "काहींच्या बाबतीत खरंच आजार असतो. जेवण, झोप, माणसं सुटतात आणि ठरवूनही थांबता येत नाही. सिस्टर, तुम्ही आठवडाभर थांबून बघा. मग ठरवू."

डॉक्टरांचा शब्द सिस्टरांनी जन्मात कधी खाली पडू दिला नव्हता. घरी येताच त्यांनी मोबाइल कपाटात ठेवला आणि मोकळी झालेली नजर घरावर वळवली. घराचा वॉर्ड व्हायला वेळ लागला नाही. चादरींचे कोपरे ताठ झाले, सगळ्यांची नखं तपासली गेली, मुलगा नुसता शिंकला तरी तोंडात थर्मामीटर आला. सून आपल्याच स्वयंपाकघरात विचारून शिरू लागली. गप्पांना आलेल्या मुलाच्या साहेबांना तर सिस्टरांनी भेटायची वेळ संपल्याचं सांगून वाटेला लावलं.

चौथ्या दिवशी मुलगा रडकुंडीला आला. मोबाइल पुढे करत म्हणाला, "आई, चुकलं माझं. खेळ गं तू."

"कोर्स मध्येच सोडायचा नसतो," म्हणत सिस्टरांनी त्याचीच नाडी बघितली.

आठवडा संपला तेव्हा सुनेने स्वतः मोबाइल चार्ज करून आणला. "आई, तुम्ही ठणठणीत आहात. आता आम्हाला बरं होऊ द्या."

सिस्टर पोट धरून हसल्या. मग त्यांनी गेम उघडला आणि बघतच राहिल्या. गड्यांनी रोज निरोप ठेवले होते. सिस्टर कुठे आहेत, बऱ्या आहेत ना, कुणाला काही कळलं का. नोकरीत रजेवरून परतल्यावर असं कधी कुणी विचारलं नव्हतं, सरळ वॉर्डात पाठवायचे. सिस्टरांना फार बरं वाटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "रजेवर होते. आले आता. आधी सांगा, कुणाला लागलंय?"